वरून उतरणारी टोपली

वरून टोपली उतरू लागली की नेबाहतच्या पोटात आधी भूक उठायची की आग, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

वेताची टोपली, मुठीला निळी दोरी. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून पेरीहान ती सोडायची. अंजिराच्या फांद्यांत न अडकता ती बरोबर नेबाहतच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येऊन थांबायची आणि पाठोपाठ हाक यायची, "ताई, घ्या हो! गरम आहे तोवर खा!" टोपलीत झाकलेला वाडगा असायचा. कधी भरलेली द्राक्षाची पानं, कधी तेलात मुरलेली वांगी, आणि आठवड्यातून एकदा तरी ती दुधाची खीर. तांदळाच्या पिठीची, सुरीने कापावी इतकी घट्ट, रुमी मस्तकीचा, त्या सुगंधी डिंकाचा, वास असलेली. त्या खिरीमुळे एर्देकमधली ती सगळी गल्ली पेरीहानला ओळखत होती. गल्ली नेबाहतलाही ओळखायची, पण पेरीहानची थोरली जाऊ म्हणून.

आलेला वाडगा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून नेबाहत त्यात काहीबाही घालायची. मूठभर ऑलिव्ह, दोन टोमॅटो, नाहीतर विकतची बिस्किटं. टोपली वर जायची. "अगंबाई, कशाला हो ताई!" असा आवाज यायचा, आणि मग ती बिस्किटं कुणी खाल्ली की नाही ते कळायचं नाही. पेरीहानची वांगी वर सगळे खात तेव्हा मात्र समुद्रापर्यंत ऐकू जायचं.

घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं. खालचा मजला थोरल्या हिकमतचा, वरचा धाकट्या रिफातचा. वर जायचा जिना अंगणातून, बाहेरून. दोघे भाऊ आता गेले होते. मजले उरले होते आणि जावा उरल्या होत्या. हिवाळाभर दोघी आपापल्या गावी राहायच्या, आणि उन्हाळा लागला की समुद्राकाठच्या या घरी येऊन एकमेकींच्या डोक्यावर नि पायाखाली राहायच्या.

त्या वर्षी मात्र उन्हाळा येईल की नाही अशी अवस्था होती. रोग आला आणि पासष्टी ओलांडलेल्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. अंकारातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेबाहतने अख्खा वसंत खिडकीत काढला. खालून कुणी पाव आणून दारात ठेवायचं आणि दार वाजवून पळायचं, जणू आत वाघीण आहे. मग कधीतरी म्हाताऱ्यांना गावी जायची मोकळीक मिळाली. अट एवढीच, की जिथे जाल तिथे महिनाभर गुमान राहायचं. नेबाहतने परवाना काढला, एकावर एक दोन मास्क चढवले आणि बसमध्ये बसली. वाटेत कुठे उतरायला लागू नये म्हणून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. बसमधल्या पोऱ्याने रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या हातावर लिंबाचं कोलोन, जंतू मारणारं ते सुवासिक पाणी, ओतलं, तेव्हा तिने त्याच्याकडून दोनदा मागून घेतलं.

जुलैत तिचा मुलगा तुंजाय इस्तंबूलहून येणार होता. बरोबर बायको नुर्गुल आणि सात वर्षांची इल्गिन. नातीला नेबाहतने पाच महिने फक्त फोनमध्ये पाहिलं होतं. तरी फोनवर तिनेच त्याला बजावलं, "तू रोज कामावर जातोस, शंभर माणसांत मिसळतोस. आल्या आल्या माझ्या घरात घुसू नका. दोन आठवडे लांब राहा. मग ईदला खुशाल या, हाताचा मुका घ्या, मांडीवर बसा."

तुंजाय ऐकणारा मुलगा. म्हणाला, "बरोबर आहे तुझं, आई. मग आम्ही वर काकूकडेच उतरतो."

'तसं नाही रे' असं नेबाहतला म्हणता येईना, कारण तसंच तर ती म्हणाली होती.

पेरीहानला मूलबाळ नव्हतं. तुंजाय लहान असताना अर्धा तिच्याच मांडीवर वाढला, आणि नेबाहतला ती अर्धी मांडी कधी विसरता आली नाही. गाडी आली त्या दिवशी पेरीहान मास्क हनुवटीवर ओढून जिना उतरली, तिघांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, इल्गिनला उचलून छातीशी धरलं. "जे व्हायचं ते होईल, माझं दार उघडं आहे!" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. नेबाहत आपल्या दारात उभी राहून लांबून हात हलवत होती. परक्या माणसाला हलवावा तसा.

दुसऱ्या दिवशी तिने अंजिरापासून भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली. दोरीच्या अलीकडे कुणी यायचं नाही. इल्गिन पलीकडे उभी राहून बोलायची.

"आजी, पेरी आजीने मला आज पीठ मळायला दिलं."

"हात धुतलेस?"

"तू सारखं हेच विचारतेस."

"आणि ती काय विचारते?"

"ती विचारते, अजून हवं का."

नेबाहतला पोरीचा राग आला नाही. राग वर गेला, जिन्याने.

"आजी, तू वर का नाही येत? आम्ही पत्ते खेळतो."

"ईद होऊ दे. ईदच्या सकाळी तू खाली यायचंस, सगळ्यात आधी माझ्या हाताचा मुका घेऊन तो कपाळाला लावायचास. थोरली मी आहे."

"आणि पेरी आजी?"

"ती नंतर," नेबाहत म्हणाली. "जेवणही इथेच. माझ्या टेबलावर."

ईदचं जेवण कायम वरच व्हायचं. पेरीहानची गॅलरी मोठी, समुद्र दिसणारी, आणि पेरीहानच्या हाताला चव. या वर्षी मात्र नेबाहतने मनाशी पक्कं केलं होतं. दोन आठवडे तिने नेम पाळले होते, कुणाला शिवली नव्हती, कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. त्याचं फळ तिला एका सकाळी, एका टेबलावर हवं होतं. तोवर रोज संध्याकाळी तिच्या छतावर इल्गिनची पावलं धावायची, खुर्च्या सरकायच्या, चमचे वाजायचे. नेबाहत खाली एकटी जेवायची आणि वरच्या हशांत तुंजायचा आवाज किती वेळा आला ते ऐकत बसायची.

ईद तीन-चार दिवसांवर आली असताना, एका सकाळी तिला दूध करपल्याचा वास आला.

तिने आपली शेगडी पाहिली, बंद होती. वास वरून येत होता. पेरीहान स्वयंपाकघरातच होती, कारण तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. वास वाढला. नेबाहतने हाक मारायला खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

करपू दे.

दुपारी टोपली आली. "ताई, घ्या हो! खीर आहे!" नेबाहतने झाकण काढलं, चमचा घातला. राखेची चव. वर मस्तकी एवढी की जीभ बधिर व्हावी. तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. चाळीस वर्षांत पेरीहानच्या हातचं तिने एवढ्या आवडीने काही खाल्लं नव्हतं.

मग ती खिडकीशी खुर्ची ओढून कान लावून बसली. वर जेवण चाललं होतं.

"काकू, आज खीर जरा..." तुंजायचा आवाज.

"धुरकट आहे," नुर्गुल म्हणाली. "पण छान लागते हो! खाली लागलेली खीर तर लोक मुद्दाम करतात."

पेरीहानने चमचा वाडग्यावर दोनदा वाजवला. मग म्हणाली, "तर काय! मुद्दामच लावली. बदल म्हणून."

"व्वा, काकू!"

नेबाहतने चमचा आदळला. हिचं करपलेलंसुद्धा मुद्दाम! आपला भात एकदा, फक्त एकदा खाली लागला होता, तर हीच पेरीहान पुढचे सगळे उन्हाळे 'ताई, आज भाताकडे लक्ष आहे ना' असं विचारत राहिली. नेबाहतने त्या वाडग्यात अंगणातली चेरी भरली, देठांसकट, न निवडता, आणि टोपली वर पाठवली.

दुसऱ्या सकाळी ती अंगण झाडत होती. वर गॅलरीच्या कठड्यावर पेरीहानची तुळशीसारखी सुवासिक झुडपं कुंडीत होती. रोज सकाळी पेरीहान त्या पानांवरून तळहात फिरवायची आणि तो नाकाशी नेऊन, डोळे मिटून, "अहाहा" म्हणायची. अशी की खालच्याला वाटावं, हिला बाग आहे आणि आपल्याला नुसता केर. आज तिने हात फिरवला, नाकाशी नेला. थांबली. पुन्हा फिरवला, जोरात, पानं चुरगळत. पुन्हा नाकाशी. मग एक पान तोडून तिने बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि तशीच उभी राहिली, समुद्राकडे बघत. "अहाहा" काही आलं नाही.

नेबाहतचा झाडू थांबला.

आठवड्यापूर्वी दोरीपलीकडून तुंजाय फोन वाचून दाखवत होता. ताप, खोकला, आणि आता म्हणतात, आई, काहींचा नुसता वासच जातो. बाकी काही होत नाही, माणूस हिंडतो-फिरतो, आणि दुसऱ्यांना देत राहतो.

करपलेल्या दुधाशेजारी उभी राहून गुणगुणणारी बाई. मूठभर मस्तकी. आणि त्या बाईच्या गळ्यात हात टाकून रोज रात्री तिच्याच बिछान्यात झोपणारी इल्गिन.

खीर आठवून कालपासून नेबाहतच्या मनात जे गुदगुल्या करत होतं, ते एकदम गार झालं.

तुंजाय पोहायला निघाला तेव्हा तिने त्याला दोरीपाशी अडवलं. "तुझ्या काकूला वास येत नाही."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? खीर करपली, तिला कळलं नाही. तिला घेऊन दवाखान्यात जा. आणि पोरीला तिच्यापासून लांब ठेव."

तुंजाय हसला. "आई, खीर करपली म्हणून माणसाला हा रोग होतो होय? मग तुझ्या भाताच्या वेळी आपण सगळ्यांनीच तपासून घ्यायला हवं होतं."

"मी थट्टा करत नाहीये."

"काकूला ना ताप, ना खोकला. काल माझ्याबरोबर समुद्रात पोहली."

वरून नुर्गुलचं डोकं दिसलं. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, नजर लागली असेल खिरीला," ती गोड आवाजात म्हणाली. "खालून."

तुंजायने बायकोकडे पाहून डोळे मोठे केले, पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि ते नेबाहतला दिसलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, तू काकूवर जळतेस, हे मला शाळेत जायला लागलो तेव्हापासून माहीत आहे. जळ. पण ईदच्या तोंडावर असले आळ नको घेऊस. तिला आमच्याशिवाय आहे कोण?"

"आणि मला?" नेबाहतच्या ओठांवर आलं होतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

ती दिवसभर घरात फेऱ्या घालत राहिली. सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हे, की तो खोटं बोलला नव्हता. ती जळतच होती. पण जळणाऱ्या माणसाला आग लागलेली दिसत नाही असं थोडंच आहे? दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तुंजाय धावला असता. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं असतं तरी. फक्त नेबाहतने सांगून चालणार नव्हतं. चाळीस वर्षं तिने या एका गोष्टीवर आपला शब्द खर्चून टाकला होता, आणि आज हवा तेव्हा हाताशी उरला नव्हता.

मग तिला हिकमतची बाटली आठवली.

हिकमत तंबाखूच्या वासाचं कोलोन लावायचा. उग्र, गोडसर, न्हाव्याच्या दुकानासारखं. पेरीहानला ते मुळीच सोसायचं नाही. दीर खोलीत आले की ती पदराने नाक झाकावं तसं ओढणीने नाक झाकायची, "मला मळमळतं हो" म्हणायची, खिडक्या उघडायची. हिकमत बिचारा हसायचा. नेबाहतने मात्र ते नाक झाकणं एकदाही माफ केलं नव्हतं. नवरा गेल्यावर अर्धी बाटली उरली होती. ती कपाटात, त्याच्या शर्टांत गुंडाळून ठेवली होती.

तिने लिंबाच्या कोलोनची बाटली रिकामी केली, धुतली, आणि त्यात हिकमतचं कोलोन ओतलं. वास घरभर पसरला. तिला दोन मिनिटं खाली बसावं लागलं.

बेत असा, की ईदच्या सकाळी सगळे अंगणात जमले की कोलोन द्यायचं. कोलोनला कुणी नाही म्हणत नाही. पेरीहानच्या हातावर सगळ्यांदेखत ओतायचं. मग बघू दे तुंजायला, बघू दे त्या नुर्गुलला. नेबाहतने ते दृश्य मनात पुन्हा पुन्हा पाहिलं, प्रत्येक वेळी जरा जास्त सजवून. एका वेळी तर नुर्गुल रडत माफी मागत होती.

पण छतावर पावलं धावली. धाडधाड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग पेरीहानचा आवाज, "ये, माझ्या कुशीत ये." ईदला अजून दोन रात्री होत्या. नेबाहतने ते सजवलेलं चित्र तिथेच टाकून दिलं. दोन रात्री म्हणजे फार झाल्या.

ईदच्या आदल्या दुपारी तुंजाय, नुर्गुल आणि पोर समुद्रावर गेले. पेरीहान कोथिंबिरीची जुडी तोडायला वाफ्यापाशी उतरली. नेबाहत मास्क लावून दोरीपाशी आली.

"पेरीहान, हात कर पुढे. ईदचं कोलोन आणलंय."

"आजच? उद्या द्यायचं ना हो." पण तिने ओंजळ पुढे केली. कोलोनला कुणी नाही म्हणत नाही.

नेबाहतने दोरीवरून हात लांब करून बाटली उलटी केली, भरपूर. मास्कच्या आडसुद्धा तंबाखूचा वास तिच्या घशात उतरला. हिकमत शेजारी येऊन उभा राहावा तसा. पेरीहानने हात चोळले, गालांना लावले, मग दोन्ही तळवे नाकाशी धरून, डोळे मिटून, लांब श्वास घेतला.

"अहाहा," ती म्हणाली. "लिंबू. तुमचं हे लिंबाचं नेहमीच छान असतं हो, ताई."

चाळीस वर्षांत पेरीहान तिच्यापुढे अशी कधी हरली नव्हती. नेबाहतने त्या आनंदाची वाट पाहिली. तो आला नाही.

"ते तंबाखूचं आहे, पेरीहान. हिकमतचं."

पेरीहानने डोळे उघडले. तिने तळव्यांकडे पाहिलं, पुन्हा नाकाशी नेले, श्वास ओढला, इतका की नाकपुड्या पांढऱ्या झाल्या. मग ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"कधीपासून?" नेबाहतने विचारलं.

"खिरीच्या आदल्या दिवसापासून. मला वाटलं, समुद्राचं पाणी गेलं नाकात." ती थांबली. "मग पानांचाही येईना."

"आणि तू गप्प बसलीस! पोर तुझ्या कुशीत झोपते!"

"काय सांगू? सांगितलं की मला उचलून नेतील, नाहीतर खोलीत कोंडतील. आणि सगळे खाली येतील. तुमच्याकडे." पेरीहानने मान वर केली, आणि नेबाहतला त्या चेहऱ्यावर अशी गोष्ट दिसली जी तिने आजवर फक्त आरशात पाहिली होती. "तुम्हाला मुलगा आहे, सून आहे, नात आहे. ती तुमचीच राहणार, तुम्ही दोऱ्या बांधा नाहीतर भिंती बांधा. माझ्याकडे ती फक्त जेवायला येतात. मी खायला घालायची थांबले तर कशाला येतील?"

नेबाहतला हे कधी सुचलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरून कुणी खाली बघून जळत असेल, हे.

"एकच दिवस, ताई," पेरीहान म्हणाली. "उद्याची सकाळ जाऊ द्या. टेबल मांडलेलं असू दे, हाताचे मुके होऊ देत. परवा मी स्वतः सांगेन."

"तुझ्या हाताचा मुका घेईल ती उद्या. ओठांनी."

"माझ्यावर आळ घेतला म्हणून तुंजाय तुमच्यावर चिडलाय, मला माहीत आहे. तुम्ही सांगून कोण ऐकणार? सगळे म्हणतील, जळते."

"म्हणूनच तू सांगायचंस," नेबाहत म्हणाली. "आत्ता. ते समुद्रावरून आले की, वर जाऊ न देता. मी सांगितलं तर तो वाद होईल. तू सांगितलंस तर ते खरं होईल."

"आणि उद्याचं टेबल तुमच्याकडे."

नेबाहतने ती गोष्ट बोलून टाकली, जी तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळत होती. "कुठलं टेबल? ती सगळी तुझ्या ताटात जेवली आहेत. आता माझ्याकडेही कुणाला येता येणार नाही. ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे."

पेरीहानने तळवे ओढणीला पुसले. मग म्हणाली, "बरं. मग सांगते."

ती उठली. जिना चढताना एकदा मागे वळली. "खीर फार वाईट झाली होती का हो?"

"फार," नेबाहत म्हणाली. "मी सगळी खाल्ली."

पेरीहानने सांगितलं, तेही गॅलरीतून, मास्क लावून. तुंजाय अंगणात ओल्या चड्डीत उभा राहून ऐकत होता. आधी तो पेरीहानकडे बघत राहिला, मग वळून आईकडे. नुर्गुलने पोरीला उचलून घेतलं, आणि तिचा चेहरा नेबाहतने मनात सजवला होता त्याहून कितीतरी घाबरलेला होता. नेबाहतला तिला टोमणा मारायची संधी होती. तिने फक्त सांगितलं, "आधी तिला साबणाने आंघोळ घाल."

ईदच्या सकाळी अंगणात पांढऱ्या कपड्यांतली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आली आणि सगळ्यांच्या नाकातून कापसाच्या काड्या फिरवून गेली. पेरीहानला रोग होता, हलका. नुर्गुललाही निघाला. तुंजाय आणि इल्गिन नीट होते. वरचं दार बंद झालं. पेरीहान एका खोलीत, नुर्गुल दुसरीत, बाप-लेक गॅलरीच्या खोलीत. कुणी खाली उतरायचं नाही, दोन आठवडे. दोरीच्या अलीकडे राहिलेली नेबाहत तेवढी मोकळी होती. म्हाताऱ्यांवरची बंदी आता सैल झाल्यामुळे बाजारात जाऊ शकणारी, चूल पेटवू शकणारी त्या घरात ती एकटीच.

ईदच्या दुपारी तिने मटण शिजवलं, भात केला, भाताकडे डोळ्यात तेल घालून लक्ष दिलं. मग वर ओरडली, "तुंजाय, टोपली सोड!"

टोपली रिकामी उतरली. ती नेबाहतने भरली. दोरी ताणली गेली, टोपली अंजिराच्या पानांतून वर वर गेली, आणि थोड्या वेळाने वरून चमच्यांचा आवाज आला.

"आजी!" इल्गिन कठड्यावरून ओरडली. "अजून आहे का?"

तो दिवस नेबाहतचा होता. पोरीने वरूनच हवेत तिच्या हाताचा मुका घेतला, स्वतःच्याच मुठीवर ओठ टेकवून ती कपाळाला लावली. सगळ्यात आधी. नेबाहतने खालून हात वर धरून ठेवला होता, दुखेपर्यंत.

पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीला वार्ता लागली आणि वाडगे येऊ लागले. भिंतीवर ठेवून लोक लांबून हाका मारत. "हे पेरीहानसाठी!" "पेरीहानला म्हणावं लवकर बरी हो!" सूप आलं, लिंबं आली, कुणी मध आणला, कुणी कुराणाचं पठण करून फुंकर मारलेलं पाणी आणलं. नेबाहत ते सगळं टोपलीत भरून वर पाठवायची. रांधायची ती, बाजार करायची ती, पिशव्या वाहून तिच्या दंडाला गोळे आलेले, आणि विचारपूस मात्र वरचीच. आजारीसुद्धा हिनेच पडावं! एका बाईने तर भिंतीवरून विचारलं, "आणि पेरीहानचं जेवणाखाण्याचं कोण बघतंय?" नेबाहत म्हणाली, "आकाशातून पडतं."

ती रोज टोपलीची मूठ आणि निळी दोरी कोलोनने पुसायची. गावात लिंबाचं मिळत नव्हतं, लोकांनी सगळं उचललेलं. म्हणून हिकमतचंच वापरायची. थोडं थोडं, जपून.

परत आलेला वाडगा कधी रिकामा नसायचा. पेरीहानला रांधता येत नव्हतं, म्हणून धुतलेल्या वाडग्यात ती कुंडीतली एक डहाळी ठेवायला लावायची. बंद खिडकीतून तिचा आवाज यायचा, "छान झालं होतं हो, ताई." नेबाहतला माहीत होतं, हिला काही चव लागत नाही. ही कागद खाल्ला तरी छान म्हणेल. ते कौतुक गिळता येईना नि टाकता येईना.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा एका सकाळी तिने दूध तापत ठेवलं. मस्तकीचे खडे साखरेत कुटले, पिठी लावली, ढवळत राहिली. ही खीर तिने उभ्या जन्मात केली नव्हती. ती पेरीहानची होती, तिला हात लावणं म्हणजे हार मानणं. आता पोर मागत होती म्हणून केली, असं तिने स्वतःला सांगितलं. खीर घट्ट झाली, पांढरी, तळाला न लागता. तिने चमचाभर चाखली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चांगली झाली होती. खरंच चांगली झाली होती.

वाडगे भरून तिने टोपली सजवली, मूठ पुसली, दोरी पुसली. "ओढ!"

टोपली वर गेली. तुंजायने एक वाडगा पेरीहानच्या खिडकीत ठेवण्यासाठी टोपलीच नेली असावी. नेबाहत अंजिराखाली मान वर करून उभी राहिली. आता कुणीतरी बोलेल. आता तुंजाय म्हणेल, आई, ही तर काकूपेक्षा...

"शी! शी शी शी!" वरून पेरीहानची किंकाळी आली. "हे काय आहे? टोपलीला तंबाखू कुणी फासला? उचला ती इथून, मला मळमळतंय!"

मग वर एकच गलका उठला. तुंजाय टाळ्या वाजवत होता, इल्गिन "पेरी आजीला वास आला!" असं ओरडत नाचत होती, नुर्गुल आपल्या खोलीतून हसत होती, रडत होती. शेजारच्या घरातून कुणी विचारलं, काय झालं, आणि तिलाही सांगण्यात आलं, आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

नेबाहत अंजिराच्या बुंध्याला धरून हळूच खाली बसली आणि मास्कमध्ये, कुणाला दिसणार नाही असं, हसली. डोळे पुसले. मग ती खिरीबद्दल कुणी काही म्हणतं का त्याची वाट बघत बसली.

कुणी म्हणालं नाही. वर पेरीहानला वास येण्याचंच कौतुक चाललं होतं. कॉफी आणून तिला हुंगवत होते, साबण हुंगवत होते, पानं हुंगवत होते, आणि प्रत्येक वेळी टाळ्या. टोपली खाली आली ती तासाभराने, वाडगे धुतलेले, त्यात एक डहाळी, आणि खिडकीतून पेरीहानचा आवाज, "ताई, मस्तकी जरा कमी पडली हो!"

नेबाहत उठली. दुसऱ्या दिवशी टोपली भरून झाल्यावर तिने हिकमतची बाटली उघडली, आणि मुठीवर, वाडगा घेताना पेरीहानचा हात जिथे पडतो तिथे, चार थेंब जास्त टाकले.